गोचीडताप : दुधाच्या पावतीपासून रक्ताच्या काचेपर्यंत

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यात बिद्री आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव जिल्ह्याबाहेरही पोचले. पण इथल्या घराचा रोजचा खर्च भागतो तो दुधावर. उसाचे पैसे हंगामानंतर आणि हप्त्याहप्त्याने येतात. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी हातात पडते. किराणा, शाळेची फी, म्हाताऱ्यांची औषधे या बिलातून जातात. म्हणून दावणीला बांधलेली एक संकरित गाय आजारी पडली, की त्या घराचा महिनाच आजारी पडतो.

उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर या पट्ट्यातल्या गोठ्यांत एक आजार पुन्हा पुन्हा भेटतो. काल सकाळी आठ लिटर देणारी गाय आज पाचवर येते. वैरणीला तोंड लावते, पण मनापासून खात नाही. रवंथ मंदावते. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. लोक त्याला गोचीडताप म्हणतात. नाव अचूक आहे, कारण रोग आणणारा त्यातच सांगितला आहे. पण या एका नावाखाली निदान तीन वेगळे आजार दडलेले आहेत. तिघांची औषधे वेगळी आहेत, आणि चुकीच्या औषधात गेलेले दोन दिवस जनावराच्या जिवावर बेततात. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून पाहायला हवा.

गोचीड रोग आणते हे कसे कळले

आज साधी वाटणारी ही गोष्ट सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. अमेरिकेत टेक्सासकडून उत्तरेला हाकलेले कळप वाटेतल्या गाईंना मरण वाटत जात, स्वतः मात्र धडधाकट दिसत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिले, की हा रोग गोचीड वाहून नेते आणि त्याचा जंतू तांबड्या रक्तपेशीत राहतो. कीटक-गोचिडांसारख्या सांधेपायांच्या जिवातून सूक्ष्म परजीवी पसरतो याचा हा पहिला भक्कम पुरावा मानला जातो. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. जनावरांच्या डॉक्टरांनी माणसांच्या डॉक्टरांना वाट दाखवली, असे इथे खरोखर म्हणता येते.

रक्तपेशीतल्या या जंतूला रुमानियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर बाबेश यांच्यावरून बबेसिया हे नाव मिळाले. त्यांनी तो १८८८ मध्ये पाहिला होता. गोचीडतापाच्या दुसऱ्या एका जंतूला दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्यक आर्नोल्ड थायलर यांच्यावरून थायलेरिया म्हणतात. आपल्याकडच्या जनावरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि पुढे १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था.

तीन आजार, तीन वाटा

पहिला आणि आपल्या संकरित गाईंना सर्वांत महाग पडणारा आजार म्हणजे थायलेरिओसिस. त्याचा जंतू थायलेरिया अॅन्युलाटा. तो हायलोमा जातीच्या गोचिडीतून येतो. ही गोचीड चपळ, तपकिरी, पायांवर फिकट पट्टे असलेली. जंतू शरीरात शिरल्यावर आधी पांढऱ्या पेशींत घर करतो आणि त्या पेशींना बेसुमार वाढायला लावतो. कर्करोगात पेशी जशा ताळतंत्र सोडतात तसेच काहीसे. म्हणून लसिका ग्रंथी सुजतात. नंतर तो तांबड्या पेशींत शिरतो आणि रक्त ओसरू लागते. गोचीड चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. ताप चढतो तेव्हा ती गोचीड बहुधा अंगावरून केव्हाच उतरलेली असते. ‘आमच्या गाईवर गोचीडच नाही’ असे मालक मनापासून सांगतो आणि तरीही आजार गोचिडीचाच असतो, तो यामुळे.

दुसरा बबेसिओसिस. तो ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोचिडीतून येतो. रक्त पिऊन टरारलेली ही करड्या निळसर रंगाची गोचीड एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये गोचिडीला रिसिनस म्हणतात आणि एरंडाला शास्त्रीय नाव मिळाले तेही रिसिनसच. आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसलेले साम्य तिकडच्यांनाही दिसले होते. बबेसिया थेट तांबड्या पेशीच फोडतो. फुटलेल्या पेशींतला रंग लघवीतून उतरतो, आणि लघवी कॉफीसारखी किंवा गडद तांबडी होते. या जंतूची आणखी एक खोड म्हणजे तो मादी गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जन्मतःच रोग घेऊन येते. थायलेरियाचे तसे नाही. तो एका अवस्थेतल्या गोचिडीने रक्तातून उचलावा लागतो आणि तिच्या पुढच्या अवस्थेत तो दुसऱ्या जनावरात शिरतो.

तिसरा अॅनाप्लाझ्मोसिस. त्याचा जंतू परजीवी प्राणी नाही, तो जीवाणूंच्या कुळातला आहे. पण तोही तांबड्या पेशीत राहतो आणि गोचिडीने पसरतो. ताप, झपाट्याने वाढणारा रक्तक्षय, कावीळ, बद्धकोष्ठ ही त्याची चिन्हे. लघवी मात्र तांबडी होत नाही.

एकाच जनावरात दोन जंतू एकदम असू शकतात. मग चित्र गोंधळाचे होते, आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

संकरित गाईलाच का

महाराष्ट्रात धवलक्रांतीने होल्स्टिन आणि जर्सी रक्ताच्या गाई आणल्या. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या बायफने कृत्रिम रेतन दारापर्यंत नेले. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे गोकुळने, गावोगावच्या संस्थांचे जाळे विणले. दूध वाढले, आणि त्यावर कितीतरी घरे उभी राहिली. पण या गाईंच्या युरोपीय पूर्वजांनी थायलेरिया अॅन्युलाटा पाहिलेला नव्हता. आपल्या देशी गोवंशाने तो हजारो वर्षे सोसला. साहिवाल आणि होल्स्टिन वासरांना एकाच मात्रेचा संसर्ग देऊन केलेल्या अभ्यासात साहिवाल वासरे कितीतरी सहज सावरली. खिल्लार बैल अंगावर गोचीड घेऊन नांगराला जातो आणि शेजारची होल्स्टिन कालवड आठवड्यात आडवी होते, याचे कारण हे.

पण देशी जनावर धडधाकट दिसते म्हणून ते निर्धोक असते असे नाही. थायलेरियातून वाचलेले जनावर पुढे दीर्घकाळ रक्तात थोडे जंतू बाळगते. ते स्वतः आजारी पडत नाही. त्याच्यावरची गोचीड मात्र जंतू उचलून शेजारच्या दावणीला नेते. बिद्रीसारख्या कारखान्याच्या परिसराला याचा वेगळा अर्थ आहे. गळीत हंगाम सुरू झाला, की बीडकडची ऊसतोड कुटुंबे आपल्या बैलगाड्यांसह येतात आणि महिनोन्‌महिने इथे राहतात. या कष्टकऱ्यांच्या बैलांसोबत गोचीड येऊ शकते, तशी ती परतीच्या वाटेवर इथून तिकडेही जाऊ शकते. त्यांच्या बैलांची हंगामात तपासणी आणि गोचीडनियंत्रण झाले, तर त्यात दोघांचेही हित आहे. बाजारातून किंवा परराज्यातून आणलेल्या गाई-म्हशींनाही हेच लागू पडते. नवे जनावर थेट दावणीत न बांधता निदान तीन आठवडे वेगळे ठेवायला हवे.

ओळखायचे कसे

निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते. थायलेरिओसिसमध्ये ते १०४ ते १०७ पर्यंत चढते. ताप चढताना किंवा त्याच्या जोडीनेच लसिका ग्रंथी सुजतात. खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि मांडीच्या पुढे, कातडीखाली त्या हाताला लागतात. नेहमी न जाणवणारी गाठ लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी झालेली असते. ताप आणि सुजलेली गाठ ही जोडी दिसली, की थायलेरियाचा संशय पक्का धरावा. पुढे डोळ्यांतून पाणी, नाकातून स्राव, धाप, खोकला, पापणीच्या आतली त्वचा पांढुरकी किंवा पिवळसर. शेवटच्या टप्प्यात रक्तमिश्रित, शेंबडासारखी हगवण. गाभण गाय गाभडू शकते. लहान वासरांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. उपचार न मिळालेल्या संकरित जनावरांत मृत्यूचे प्रमाण भयावह असते.

तांबड्या लघवीबाबत कोल्हापूरच्या गोपालकांनी एक गोष्ट मनाशी घट्ट बांधून ठेवावी. म्हैस व्याल्यावर दोन-चार आठवड्यांत तिची लघवी तांबडी होते, पण अंगात ताप नसतो, असे अनेकदा घडते. हा बबेसिया नसतो. शरीरातला फॉस्फरस घटल्यामुळे तांबड्या पेशी फुटतात. भरपूर दूध देणारी म्हैस आणि हंगामभर मुख्यतः उसाच्या वाड्यावर चाललेला चारा, असा जोड जमला की हा धोका वाढतो. तिला फॉस्फरसयुक्त औषध हवे. बबेसियाच्या इंजेक्शनाचा तिला काही उपयोग नाही. दोन्ही आजारांत पहिला फरक सांगतो तो थर्मामीटर. प्रत्येक गोठ्यात तो असावा आणि घरातल्या बाईमाणसाला, पोरासोरांना तो लावता यावा. गोठ्यात सर्वांत जास्त वेळ त्यांचाच जातो.

रक्ताची काच

निदानाचा कणा आजही रक्ताची काच हाच आहे. कानाच्या टोकाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर त्याचा पातळ थर पसरवायचा, तो वाळवायचा, मिथेनॉलने पक्का करायचा आणि जिम्साच्या रंगाने रंगवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बबेसिया पेशीत जोडीने बसलेल्या नासपतींसारखा दिसतो, थायलेरिया बारीक ठिपक्या-अंगठ्यांसारखा, अॅनाप्लाझ्मा पेशीच्या कडेला गडद टिंबासारखा. थायलेरियात सुजलेल्या गाठीतून सुईने ओढलेल्या द्रवाची काचही पाहतात. त्यात पांढऱ्या पेशींतले निळे पुंजके दिसतात, ज्यांना रॉबर्ट कॉख यांच्यावरून कॉखचे निळे पुंजके म्हणतात. आजाराच्या अगदी सुरुवातीला, रक्तात जंतू दिसण्याआधी, गाठीची काच रोग पकडू शकते.

काच वाचताना एक काळजी लागते. वाहक जनावराच्या रक्तात थोडे थायलेरिया असतातच. नुसते दोन-चार जंतू दिसले म्हणून तोच आजार, असे ठरत नाही; ताप, गाठ आणि काच एकत्र वाचावी लागतात. आणि काच औषधाआधी घ्यायची. औषध टोचल्यावर घेतलेली काच अर्धेच सांगते. अवघड प्रसंगी पीसीआर तपासणी होते. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरी बोलावण्यासाठी फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे.

उपचार : नेमके आणि वेळेत

थायलेरियावर बुपार्व्हाक्वोन हे औषध १९८० च्या दशकात आले आणि या रोगाचे रूप पालटले. माणसांच्या हिवतापात वापरल्या जाणाऱ्या अटोव्हाक्वोनचे हे जवळचे नातेवाईक. मात्रा दर किलो वजनाला २.५ मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत खोलवर. चारशे किलोच्या गाईला नेहमीच्या तीव्रतेचे औषध वीस मिलिलिटर लागते आणि ते दोन जागी विभागून द्यावे लागते. अंदाजाने दहा मिलिलिटर टोचून भागवले तर रोग अर्धवट दबतो, जंतू उरतात. गरज पडली तर दोन-तीन दिवसांनी दुसरी मात्रा देतात. जोडीला डॉक्टर परिस्थिती पाहून ऑक्सिटेट्रासायक्लिन, रक्तवर्धक औषधे आणि सलाइन देतात. रक्त फार ओसरले असेल तर निरोगी जनावराचे रक्त चढवणे हा जीव वाचवणारा उपाय असतो, आणि पहिल्या वेळी तो गाईला सहसा सोसतो.

बबेसियावर डिमिनाझिन, दर किलोला ३.५ मिलिग्रॅम, किंवा इमिडोकार्ब, दर किलोला १.२ मिलिग्रॅम. अॅनाप्लाझ्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन. ही सारी औषधे पशुवैद्यकानेच द्यायची. मात्रा इथे दिल्या आहेत त्या मालकाला डॉक्टरांशी विचारपूस करता यावी, वजन नीट मोजून घ्या असे म्हणता यावे, एवढ्यासाठी.

बुपार्व्हाक्वोन जंतू मारते. फुटलेल्या तांबड्या पेशी, पाण्याने भरलेली फुफ्फुसे ते पूर्ववत करू शकत नाही. म्हणून ताप आल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत टोचलेले इंजेक्शन आणि आठवड्याने टोचलेले तेच इंजेक्शन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हा मधला आठवडा कशात जातो हे गोपालकांना ठाऊक आहे: आधी ताप उतरवणारे एक इंजेक्शन, मग एखादे प्रतिजैविक, मग पोट साफ करायची पावडर. तापाचे इंजेक्शन दिले की गाय दोन वेळा बरे खाते आणि घरचे सुस्कारा सोडतात. जंतू मात्र वाढतच असतो. तापाचे औषध द्यायला हरकत नाही, पण काच घेण्याआधी आणि काचेऐवजी ते देऊ नये.

घरची सेवाही उपचारच असते. सावली, मुबलक पाणी, कोवळा हिरवा चारा, आणि गाय आपणहून प्याली तर गूळपाणी. नळीने किंवा बाटलीने जबरदस्तीने काही पाजू नये. धाप लागलेल्या गाईच्या फुफ्फुसात ते जाते आणि न्यूमोनिया होतो. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत तिचे दूध संस्थेत घालायचे नाही. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार असते.

बुपार्व्हाक्वोनला शरण न जाणारे थायलेरिया ट्युनिशिया आणि इराणसारख्या देशांत सापडले आहेत. जंतूच्या एका जनुकातल्या बदलामुळे औषध तिथे बसेनासे होते. आपण अर्ध्या मात्रा देत राहिलो, निदानाशिवाय टोचत राहिलो, तर हातातले हे एकमेव धारदार शस्त्र बोथट होईल.

गोठा आणि लस

गोचीड मारायची म्हणजे गाईवरची मारायची, असे आपण धरून चालतो. हायलोमाच्या बाबतीत ते अपुरे आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळते, भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, दगडाआड शिरते आणि हजारो अंडी घालून मरते. तिच्या आयुष्याचा मोठा भाग जनावराच्या अंगाबाहेर जातो. म्हणून गोठ्याच्या भेगा सिमेंटने बुजवणे, भिंतींना चुना लावणे, फटींवर फ्लेम गनची ज्योत फिरवणे आणि गोठ्याला लागून असलेला उकिरडा दूर नेणे ही कामे अंगावरच्या फवारणीइतकीच महत्त्वाची आहेत. फवारणी डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ यांसारख्या पशुवैद्यकीय औषधांचीच करावी, सांगितलेल्या प्रमाणात, आणि साऱ्या गोठ्यात एकाच दिवशी. पिकावरची कीटकनाशके गाईवर मारल्याने विषबाधा होऊन जनावरे दगावली आहेत. एकच औषध वर्षानुवर्षे वापरले तर गोचीड त्याला दाद देईनाशी होते. देशात अनेक ठिकाणी डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी आढळल्या आहेत. आयव्हरमेक्टिनचा अंश दुधात उतरतो, म्हणून दुभत्या गाईला ते नको.

रोज हाताने गोचीड वेचणेही व्यर्थ नाही. हायलोमाच्या लाळेतला थायलेरिया संसर्गक्षम व्हायला तिला दोन-तीन दिवस रक्त प्यावे लागते. त्याआधी ती निघाली तर रोग टळू शकतो. वेचताना मात्र हातमोजे घालावेत आणि ती नखावर चिरडू नये.

थायलेरियावर लस आहे. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची रक्षाव्हॅक-टी ही लस प्रयोगशाळेत वाढवून दुबळ्या केलेल्या जंतूंपासून बनते आणि दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना देतात. तिची अडचण साठवणुकीची आहे. ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवावी लागते आणि वितळवल्यावर लगेच टोचावी लागते. पण द्रव नायट्रोजन आपल्या गावांना परका नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच नायट्रोजनच्या भांड्यातून रोज गावोगाव फिरतात. ज्या भांड्यातून ही नाजूक, दुधाळ जात गोठ्यात आली, त्याच व्यवस्थेने तिच्या वासराचे संरक्षणही पोचवावे.

माणसांना काय धोका

थायलेरिया अॅन्युलाटा माणसाला होत नाही. माणसातला बबेसिओसिस वेगळ्या जातींमुळे होतो. त्याचा पहिला रुग्ण १९५७ मध्ये युगोस्लाव्हियात झाग्रेबजवळ नोंदला गेला. त्या शेतकऱ्याची प्लीहा आधी काढलेली होती. भारतात अशा नोंदी अगदी विरळा. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र तो नियमित आढळतो. न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत कुणाची प्लीहा काढलेली असेल, किंवा कुणी वयस्क असेल, तर उन्हाळ्यातला दीर्घ ताप आणि थकवा यांकडे दुर्लक्ष करू नये. काचेवर हा जंतू हिवतापासारखा दिसतो आणि फसवतो.

आपल्याकडे माणसाने गोचिडीला घाबरावे ते विषाणूंमुळे. सिंधुदुर्गात २०१६ साली दोडामार्ग-बांदा भागात माकडताप आला, तो जंगलातल्या गोचिडीतून. गुजरातेत २०११ मध्ये क्रायमियन-काँगो तापाने बळी घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचे निदान केले. त्या तापाचा वाहक हायलोमाच आहे. गोठा स्वच्छ ठेवण्यात घरच्यांचीही राखण आहे.

पावती वाचायला शिकूया

बिद्रीतल्या घरात दिवसातून दोनदा दुधाची पावती येते. लिटर, फॅट, दर. दूध अचानक उतरणे ही गोचीडतापाची सर्वांत आधीची खूण असते, आणि ती लेखी स्वरूपात आपल्या हातात असते. एखाद्या सभासदाचे दूध दोन वेळा सलग एकदम घटले, तर संस्थेने त्याला विचारावे: थर्मामीटर लावला का? ताप असेल तर गाठ चाचपावी, काच घ्यावी, ती सूक्ष्मदर्शकापर्यंत त्याच दिवशी पोचवावी. संस्थेत एक थर्मामीटर, काचांची एक पेटी, काच ओढायला शिकलेला एक तरुण किंवा तरुणी. एवढ्याची तजवीज करायला मोठा निधी लागत नाही. दूध नेणारी गाडी रोज तालुक्याकडे जातेच; काचाही तिच्यातून जाऊ शकतात.

दूध संस्थांनी आजवर दुधातली फॅट मोजण्याची शिस्त गावाला लावली. तीच शिस्त गाईचा ताप मोजण्याला लागली, तर दावणीची कितीतरी जनावरे उभी राहतील, आणि दर दहा दिवसांचे ते बिल खंड न पडता येत राहील.